स्नोब्लोअर: एक हिवाळी यंत्र आणि त्याच्या दुरुस्तीची परंपरा

साचलेला बर्फ उपसून दूर फेकणाऱ्या स्नोब्लोअर या यंत्राचा इतिहास सामान्यतः शोधांच्या क्रमाने सांगितला जातो. परंतु कॅनडाच्या क्वेबेक व ऑन्टारिओ प्रांतांत आणि अमेरिकेच्या विस्कॉन्सिन, मिनेसोटा यांसारख्या राज्यांत या यंत्राभोवती दुरुस्तीची जी परंपरा घडत गेली, तीही त्या इतिहासाचा तितकाच मोलाचा भाग आहे. वर्षातील सात-आठ महिने पडून राहणारे आणि हिमवादळानंतरच्या सकाळी मात्र तत्काळ चालू होणे अपेक्षित असलेले हे यंत्र जितके कामाने झिजते, त्याहून अधिक ते पडून राहिल्याने बिघडते, आणि या एका वस्तुस्थितीतूनच त्याच्या दुरुस्तीचे शास्त्र आकाराला आले आहे.

या यंत्रामागील मूळ कल्पना रेल्वेच्या गरजेतून निघाली. टोरोंटोचे दंतवैद्य जे. डब्ल्यू. एलियट यांनी 1869 मध्ये फिरत्या पात्यांच्या हिमनांगराचे पेटंट घेतले, पुढे ऑन्टारिओतील ऑरेंज जुल यांनी त्या कल्पनेत सुधारणा केल्या, आणि 1883-84 च्या हिवाळ्यात कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने अशा नांगराची प्रत्यक्ष चाचणी घेतली. रस्त्यांसाठी हे तत्त्व वापरण्याचे श्रेय क्वेबेकचे आर्थर सिकार्ड यांना दिले जाते; शेतकरी कुटुंबात वाढलेल्या सिकार्ड यांनी 1925 मध्ये ट्रकवर बसवलेले यंत्र सिद्ध केले आणि 1927 मध्ये मॉन्ट्रियललगतच्या उत्रमाँ नगराने ते विकत घेतले. घरमालकाला स्वतः मागे चालत ढकलता येईल असे यंत्र मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर, उपनगरांतील घरे आणि मोटारी वाढल्यावर बाजारात आले: मिनेसोटाच्या टोरो कंपनीने 1950 च्या दशकाच्या आरंभी, तर विस्कॉन्सिनमधील ब्रिलियन येथील एरियन्स कंपनीने 1960 मध्ये अशी यंत्रे आणली.

यांपैकी मोठी यंत्रे दोन टप्प्यांची असतात, म्हणजे पुढचे मळसूत्री पाते, ज्याला ऑगर म्हणतात, बर्फ कापून मध्यभागी ओढते आणि त्यामागचा वेगाने फिरणारा पंखा, म्हणजेच इंपेलर, तो नळकांड्यातून दूर फेकतो. अशा कित्येक यंत्रांवर टेकुमसे कंपनीची ‘स्नो किंग’ इंजिने बसवलेली असत. त्यांची एक खूण अशी की त्यांना हवेचा फिल्टर नसे. हिवाळ्यात धूळ जवळजवळ नसते, उलट भुरभुरीत बर्फ फिल्टरवर गोठून हवेची वाटच बंद होण्याची भीती असते, म्हणून पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरभोवती पत्र्याचे आवरण देऊन इंजिनाच्या उष्णतेने किंचित तापलेली हवा आत घेतली जाई.

दोरी वारंवार ओढूनही इंजिन पेट घेत नसेल, तर जुने कारागीर ठिणगी, इंधन आणि सिलिंडरमधील दाब या क्रमाने तपासणी करीत आले आहेत. महाराष्ट्रातील गॅरेजमध्ये स्कूटर सुरू होत नसल्यास मेकॅनिक प्रथम प्लग काढून स्पार्क पाहतो आणि मग कार्बोरेटरमधील कचरा काढतो, तोच हा क्रम होय. जुन्या इंजिनांत ठिणगी पॉइंट्स नावाच्या, उघडझाप करणाऱ्या दोन धातुटोकांवर अवलंबून असे. या टोकांमधील अंतर सामान्यतः सुमारे अर्धा मिलिमीटर राखावे लागे, आणि महिनोन्महिने पडून राहिल्याने त्यांवर गंज चढला की ठिणगी क्षीण होई. 1980 च्या दशकात इलेक्ट्रॉनिक इग्निशन रुळले आणि हा बिघाड बराचसा मागे पडला.

इंधनाचा प्रश्न मात्र उलट वाढत गेला. कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणारी लहान वाटी असते, आणि अनेक टेकुमसे इंजिनांत ती वाटी धरून ठेवणाऱ्या बोल्टमध्येच मुख्य जेट, म्हणजे इंधन मोजून सोडणारे केसाएवढे छिद्र, कोरलेले असते. उन्हाळ्यात वाटीतले पेट्रोल उडून जाते, मागे चिकट राळ उरते आणि ती हे छिद्र बुजवते; मग इंजिन केवळ चोक, म्हणजे हवा अडवणारी झडप, ओढलेला असतानाच चालते किंवा त्याचा वेग सतत वरखाली होत राहतो, कारण मिश्रणात हवा अधिक आणि पेट्रोल कमी पडते. अमेरिकेत 2005 च्या ऊर्जा कायद्यानंतर इथेनॉलमिश्रित पेट्रोल सर्वत्र झाले, आणि इथेनॉल पाणी शोषून घेत असल्याने ही अडचण अधिक बिकट झाली. बारीक तारेने ते छिद्र मोकळे करणे आणि हिवाळा संपताच टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवणे, हे दोन उपाय या परंपरेचा गाभा ठरले.

ठिणगी आणि इंधन दोन्ही ठीक असूनही यंत्र सुरू होत नसेल, तर दाबाकडे पाहावे लागते. जुन्या इंजिनांत व्हॉल्व्हची बैठक झिजत जाते, तसे व्हॉल्व्हच्या दांड्यामागचे अंतर कमी होते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि दाब निसटतो. यावर दांड्याचे टोक किंचित घासून अंतर पुन्हा मिळवणे हे कौशल्याचे काम असे.

यंत्र चालू होऊनही बर्फ दूर फेकत नसेल, तर दोष बहुधा इंजिनाबाहेर असतो. सैल पट्टा घसरतो. चाकांना गती देणाऱ्या चकतीचा रबरी काठ झिजला की चढावर यंत्र पुढे सरकत नाही. इंपेलर आणि त्याचे आवरण यांमधील फट वाढली की ओला बर्फ मागे निसटून नळकांडे तुंबते, आणि म्हणूनच इंपेलरच्या पात्यांना रबराच्या पट्ट्या जोडण्याची युक्ती लोकप्रिय झाली. ऑगरच्या दांड्यावरील शिअर पिन मुद्दाम मऊ धातूची केलेली असते, म्हणजे दगड अडकल्यास ती तुटते आणि महागडा गिअर वाचतो. तिच्या जागी साधा कठीण बोल्ट घातल्यास एका क्षणाची सोय मोठ्या नुकसानीला कारण होते.

2008 मध्ये टेकुमसेच्या इंजिनांचे उत्पादन थांबले, तरी ती यंत्रे अद्याप वापरात आहेत. आता संपूर्ण नवा कार्बोरेटर स्वस्तात मिळतो आणि जुना साफ करण्याचे श्रम अनावश्यक वाटू लागतात. परंतु छिद्र का बुजले हे न समजता भाग बदलला, तर पुढच्या वर्षी नवा भागही त्याच कारणाने निकामी होतो. कारण ओळखूनच हात घालण्याची जी शिस्त या दुरुस्तीने सामान्य घरमालकापर्यंत पोहोचवली, तिला यंत्राच्या इतिहासात शोधकर्त्यांच्या पेटंटांइतकेच मानाचे स्थान द्यावयास हवे.