लोणारवर आदळलेला तो लघुग्रह कुठला?

देऊळघाटच्या आग्नेयेस, सरळ रेषेत सुमारे 70 किलोमीटरवर, आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे विवर आहे. व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. विष्णूने येथे लवणासुराला मारल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. दैत्यसूदनाचे मंदिर तिच्याच स्मरणार्थ उभे आहे. पण हा खड्डा आकाशातून आलेल्या पाषाणाचा, हे सिद्ध व्हायला दीडशे वर्षे का लागली?

1823 मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने सरोवराची नोंद केली. पुढे अभ्यासकांनी ते ज्वालामुखीचे मुख मानले. त्यांना दोष तरी कसा द्यावा? चहूकडे बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हाच. 1896 मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक गिल्बर्ट यांनी लोणारची तुलना ॲरिझोनातील विवराशी केली आणि दोन्ही वाफेच्या स्फोटाची मानली. साम्य अचूक हेरले, कारण मात्र चुकले. दख्खनचे लाव्हे तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच शांत झाले होते!

निर्णायक पुरावा 1973 मध्ये प्रसिद्ध झाला. विवरातील खडकांत मॅस्केलिनाइट सापडले. फेल्डस्पार खनिजावर अडीच लाख वातावरणांहून अधिक दाब क्षणार्धात आला, तर ते न वितळताच काचेसारखे होते. असा दाब कोणताही ज्वालामुखी देत नाही.

तो पाषाण धडकेतच नष्ट झाला. मात्र वितळलेल्या खडकांतील क्रोमियमचे समस्थानिक कार्बनयुक्त उल्कापाषाणाकडे निर्देश करतात. अशा काळ्या लघुग्रहांचे माहेर म्हणजे मंगळ आणि गुरू यांच्यामधला मुख्य पट्टा, विशेषतः त्याचा बाहेरचा भाग.

तिथून पृथ्वीपर्यंत वाट कशी फुटते? सूर्यापासून पृथ्वीच्या अडीचपट अंतरावर फिरणारा लघुग्रह गुरूच्या एका प्रदक्षिणेत तीन प्रदक्षिणा घालतो. गुरूची ओढ पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी बसते, कक्षा लांबट होत जाते आणि अखेर पृथ्वीची वाट छेदते. म्हणूनच पट्ट्यात तिथे रिकामी जागा आहे. ती कर्कवुड यांनी 1866 मध्ये ओळखली. लोणारचा पाषाण अशाच एखाद्या वाटेने आला असावा.

वयाचा वाद मात्र मोठा आहे. तप्तदीप्ती पद्धतीने 52,000 वर्षे येतात, आर्गॉन पद्धतीने सुमारे 5,70,000. मला दुसरा आकडा अधिक भरवशाचा वाटतो, कारण ज्वालामुखीय फेल्डस्पारमध्ये तप्तदीप्तीचे घड्याळ मागे पडते. पहिला खरा असेल, तर तो स्फोट पाहणारे डोळे आपल्यासारख्या माणसाचे असू शकतात. दुसरा खरा असेल, तर दगडी हातकुऱ्हाडी घडवणाऱ्या आपल्या फार जुन्या पूर्वजांचे.