तळटीप ७ : रिव्हर्सिंग स्टेशन
७. बोरघाटातले, खंडाळ्याच्या अलीकडचे, आता बंद झालेले स्टेशन. मंकी हिलशी गल्लत करू नये. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा घाटमार्ग १८६३ साली खुला झाला. चढ इतका उभा, की काही ठिकाणी ३७ फुटांना १ फूट. कर्जतहून धापा टाकत आलेली गाडी डोंगराच्या सोंडेवर पोचे आणि तिथे रूळच संपत, पुढे दरी. वळण घ्यायला जागा नाही. मग पुढचे इंजिन सोडून मागे आणून जोडत, आणि गाडी आल्या अंगाने, पण वरच्या रुळांवरून, पुण्याकडे निघे. शेवटचा डबा पहिला होई. गावासाठी नव्हे, निव्वळ डोंगराच्या अडचणीपायी बांधलेले हे स्टेशन. उतारूंना मात्र तेवढाच दरी न्याहाळायला वेळ मिळे. १९२९ मध्ये नव्या बोगद्यांतून मार्ग सरळ काढला आणि स्टेशनाचे कामच उरले नाही. विजेची इंजिनेही याच सुमारास घाटात आली. लेखकाने आपल्या प्रवासाचे साल दिलेले नाही. पण खंडाळ्याआधी ‘डबा उलटा चालू लागला’ असे ते लिहितात, तेव्हा तो १९२९ पूर्वीचा धरावा. — संपा.