करंजाचे तेल, इंजिनाची भूक आणि बायांचा हिशेब

आज आपण गावोगावच्या ओढ्याकाठी उभ्या असलेल्या एका झाडाचा इतिहास पाहणार आहोत. झाड आहे करंजाचे. शेळी त्याला तोंड लावत नाही, पाऊस कमी झाला तरी ते तग धरते आणि चैत्र-वैशाखात त्याच्या खाली वाळलेल्या शेंगांचा सडा पडतो. आपल्या आज्या-पणज्या या शेंगा फोडून बी घाण्यावर देत. ते तेल कडू, खाण्याच्या कामाचे नाही. पण खरजेवर लावायला, गुरांच्या जखमेवर लावायला आणि दिव्यात घालायला ते घरात असायचे. पुढे रॉकेल आले, मग वीज आली आणि करंजाचे बी झाडाखालीच कुजू लागले.

त्याच बियांवर पाण्याचा पंप आणि जनरेटर चालवता येतो, हे काही गावांनी करून दाखवले आहे. त्यातले एक गाव आपल्या महाराष्ट्राच्या सीमेपासून फार दूर नाही आणि तिथे तेलाचा कारभार बायांच्या हातात होता. ती हकिगत सांगण्याआधी थोडे मागे जाऊ.

डिझेल हे नाव एका माणसाचे आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियरने हे इंजिन बनवले. १९०० साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात एका कंपनीने असे एक छोटे इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले. फ्रान्सच्या सरकारला आपल्या आफ्रिकेतल्या वसाहतींत, जिथे भुईमूग भरपूर पिकतो, तिथे त्याचा उपयोग होईल का ते पाहायचे होते. म्हणजे आज ज्याला आपण नवे इंधन म्हणतो, ते इंजिनाइतकेच जुने आहे. पण जमिनीतले खनिज तेल स्वस्त मिळू लागले आणि बियांचे तेल मागे पडले.

दुसरी अडचण होती तेलाच्या घट्टपणाची. कोणतेही बियांचे तेल डिझेलपेक्षा कितीतरी घट्ट असते. तसेच इंजिनात घातले तर चालते, पण काही दिवसांनी आत काजळी धरते आणि नोझल चोंदते. यावर उपाय निघाला तो १९३७ साली बेल्जियममध्ये. तेलात एका प्रकारचे अल्कोहोल मिसळून त्यातले जड ग्लिसरीन वेगळे काढायचे. वर जे पातळ राहते, त्याला आज आपण बायोडिझेल म्हणतो. १९३८ साली ब्रुसेल्स आणि लूवाँ या गावांमध्ये अशा इंधनावर बस धावली.

सहकाराशी याची गाठ पडली ती ऑस्ट्रिया देशात. तिथे मुरेक नावाच्या गावच्या शेतकऱ्यांनी १९८९ साली सहकारी संस्था काढली. आपल्याच शेतातल्या मोहरीसारख्या तेलबियांपासून इंधन करायचे आणि आपल्याच ट्रॅक्टरमध्ये घालायचे. पेंड जनावरांना. पुढे त्यांनी हॉटेलांतले आणि घरांतले तळून उरलेले तेल गोळा करायला सुरुवात केली आणि जवळच्या ग्राझ शहराच्या बसगाड्यांना त्याचे बायोडिझेल दिले. या संस्थेची एक गोष्ट आपण मनात ठेवू. बी पिकवणारा, इंधन करणारा आणि इंधन वापरणारा हे तिथे तीन वेगळे लोक नव्हते.

आता आपल्या देशात येऊ. १९९० च्या दशकात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक उडुपी श्रीनिवास यांनी करंजाच्या तेलावर काम सुरू केले. कन्नडमध्ये करंजाला होंगे म्हणतात. कर्नाटकातल्या कग्गनहळ्ळी या कोरडवाहू गावात होंगेच्या तेलावर जनरेटर चालवून पाण्याचे पंप चालवले गेले. नंतर तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या आदिलाबाद जिल्ह्यात चालबर्डी गावी अशाच जनरेटरवर घरांत दिवे लागले.

आदिलाबाद म्हणजे आपल्या यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेडला लागून असलेला मुलूख. इकडे-तिकडे गोंड आणि कोलाम वस्त्या, सोयरीक सीमेपलीकडची, आणि बाजारात मराठीही चालते. तेव्हाच्या याच जिल्ह्यात जैनूर मंडलात पॉवरगुडा नावाची गोंड लोकांची छोटी वस्ती होती. तिथल्या बायांचे बचत गट आधीपासून होते. पाणलोटाची कामे गावात झाली. २००२ साली गावाने हजारो करंजाची रोपे लावली आणि आदिवासी विकास यंत्रणेच्या मदतीने बचत गटांना तेल काढायचे यंत्र मिळाले. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने तांत्रिक साथ दिली. बी वेचणे, वाळवणे, गाळप करणे आणि विकणे हा कारभार गटांनी सांभाळला.

२००३ च्या ऑक्टोबरमध्ये पॉवरगुड्याचे नाव एकदम जगात गेले. जागतिक बँकेने वॉशिंग्टनला एक परिषद भरवली होती. विमाने आणि मोटारी यांतून त्या परिषदेपायी जो धूर हवेत गेला, त्याची भरपाई म्हणून बँकेने पॉवरगुड्याच्या बचत गटांना ६४५ डॉलर दिले. हिशेब असा होता: या करंजाचे तेल दहा वर्षांत जेवढ्या डिझेलची जागा घेईल, त्यामुळे १४७ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाणार नाही. तेव्हाच्या भावाने ही रक्कम तीस हजार रुपयांच्या आतबाहेर होती. बायांनी ती वाटून न घेता करंजाच्या रोपवाटिकेत घातली.

रक्कम मोठी नव्हती, पण मान मोठा होता. करंज लावणाऱ्या बाईच्या कामाला जगाच्या बाजारात किंमत आहे, हे पहिल्यांदा कागदावर आले. मात्र दुसरी बाजूही पाहू. १४७ टनांना ६४५ डॉलर म्हणजे टनाला साडेचार डॉलरसुद्धा नाहीत. तो भाव ठरवताना आपण बाजारात कुठे उभ्या होतो, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आज कार्बनचे करार घेऊन गावात माणसे येतात तेव्हाही आहे.

त्याच सुमारास ओडिशात वेगळा प्रयोग झाला. ग्राम विकास ही संस्था आणि तिच्या सोबत्यांनी गजपती जिल्ह्यातल्या किंचलिंगी या छोट्या वस्तीत सायकलसारखे पायाने फिरवायचे बायोडिझेलचे यंत्र बसवले. मोहाच्या, करंजाच्या आणि कारळ्याच्या बियांचे तेल त्यात घालायचे आणि तयार इंधनावर पाण्याचा पंप चालवायचा. तिथे विक्रीचा विचारच नव्हता. नळाला पाणी यावे आणि बायांच्या डोक्यावरचा हंडा उतरावा, एवढाच हेतू होता.

ही गावे आपल्या चालीने शिकत असताना दिल्लीत मोठा बेत ठरत होता. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंड, म्हणजे जत्रोफा, लावायची शिफारस केली. आकडा होता एक कोटी हेक्टरहून जास्त. पडीक जमिनीवर लावा, पाणी लागत नाही, जनावर खात नाही, असा प्रचार झाला. २००९ च्या धोरणात तर २०१७ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के जैवइंधन मिसळायचे ठरले. प्रत्यक्षात एक टक्काही गाठला गेला नाही. २०१८ च्या नव्या धोरणात बायोडिझेलचे लक्ष्य ५ टक्क्यांवर आले आणि मुदत गेली २०३० वर.

का फसले? पहिले कारण झाडाचे. मोगली एरंड पाण्याशिवाय जगते, पण पाण्याशिवाय फळत नाही. दुसरे कारण भावाचे. २००६ च्या जानेवारीपासून सरकारी तेल कंपन्यांनी बायोडिझेलला लिटरला २५ रुपये भाव ठरवला. साधारण चार किलो बियांतून एक लिटर तेल निघते. गाळप, रसायने, वाहतूक सगळे फुकट धरले तरी बियांना किलोला सव्वासहा रुपयांच्या वर भाव बसत नव्हता. मग वेचणाऱ्या बाईला काय उरणार? तिसरे कारण जमिनीचे. सरकारी कागदात जी जमीन पडीक असते, तिथे आपल्या शेळ्या चरतात, तिथूनच सरपण येते. ती जमीन कुंपणात गेली की तोटा सोसते ती बाईच.

आता एखाद्या गटाला हे काम करावेसे वाटले तर या इतिहासातून काय घ्यावे, ते पाहू.

सगळ्यात आधी बी. ओले, बुरशी लागलेले, दोन-दोन वर्षे पडून राहिलेले बी घेतले तर तेल आंबट होते, आणि आंबट तेलाचे बायोडिझेल न होता खाली साबण जमतो. म्हणून बी खडखडीत वाळवून, शेंगा फोडून, साफ करून गोणीत भरावे. वजन सगळ्यांसमोर व्हावे आणि त्याच दिवशी वहीत चढावे.

मग पेंड. शंभर किलो बियांतून पंचवीस लिटरच्या आसपास तेल निघते आणि सत्तर किलोच्या आसपास पेंड उरते. ही पेंड कडू व विषारी असल्याने गुरांना घालायची नसते, पण शेताला ती उत्तम खत आहे आणि वाळवीलाही आवरते. बहुतेक वेळा गटाला तारते ती ही पेंडच. पेंडीचा हिशेब तेलाइतकाच काटेकोर हवा.

तिसरे, रसायन. शंभर लिटर तेलाला वीसएक लिटर मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा लागतो. मिथेनॉल हे विष आहे. पोटात गेले तर डोळे जातात, जीवही जातो. त्याची वाफ झटकन पेट घेते. परवाना आणि प्रशिक्षण नसताना ते गावात आणू नये, घरात तर मुळीच ठेवू नये. ज्या गटाला एवढी तयारी जमत नाही, त्याने तेल आणि पेंडीवर थांबावे. त्यात कमीपणा नाही. पॉवरगुड्याचा पायाही तेलाचा घाणाच होता.

चौथे, विक्री. बायोडिझेल उघड्यावर विकता येत नाही, त्याला सरकारी परवानगी लागते. आणि बाजारात गेलो की भाव दुसरा ठरवतो. मुरेकच्या शेतकऱ्यांनी आणि किंचलिंगीच्या लोकांनी इंधन आधी स्वतःच्या कामाला लावले. आपल्या पिठाच्या गिरणीला, मळणी यंत्राला, पंपाला लिटरला जेवढे डिझेलचे पैसे वाचतात, तोच आपला खरा भाव.

पाचवे, संस्था. सहकारी संस्था नोंदवायची तर महाराष्ट्रात निरनिराळ्या कुटुंबांतल्या किमान दहा जणी लागतात. नोंदणी सोपी आहे. अवघड असते ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी. करंज लावल्यापासून चार-पाच वर्षांनी फळ धरतो. तोवर दम धरायचा, तर सुरुवात आहे त्या जुन्या झाडांवर करायला हवी. झाडे मोजा, कुणाच्या बांधावर किती, वनखात्याच्या हद्दीत किती, आणि बी वेचायचा हक्क कुणाचा, हे ग्रामसभेत आधी लिहून घ्या. यंत्र त्यानंतर.

मैत्रिणींनो, या सव्वाशे वर्षांत इंजिन तेच राहिले, तेलही तेच राहिले. जिथे बी, घाणा आणि हिशेबाची वही एकाच गावाच्या हातात राहिली, तिथे काम उभे राहिले. जिथे बी गावाचे आणि भाव दुसऱ्याचा झाला, तिथे झाडे उन्हात वाळून गेली. येत्या मासिक बैठकीत हा लेख मोठ्याने वाचा आणि एका कामाने सुरुवात करा: आपल्या शिवारात करंजाची फळती झाडे किती आहेत, ती मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.