खिंडी बंद झाल्यावर : लेहच्या मोरेव्हियन चर्चची वाटचाल

लेहला जाणारा मराठी माणूस सहसा जून ते सप्टेंबरच्या दरम्यान जातो. त्याला दिसतं ते मोटारसायकलींचं, खारदुंगला आणि पँगाँगच्या फोटोंचं, ‘हॉटेल फुल्ल’च्या पाट्यांचं लेह. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीही उन्हाळ्यात तिथं अशीच वर्दळ असे, फक्त पाहुणे वेगळे होते. यारकंदहून, काश्मिरातून, पंजाबातून आलेले व्यापारी आणि त्यांचे तांडे बाजारपेठ भरून टाकत. थंडी पडू लागली की ते पांगत. झोजिला आणि रोहतांग बर्फाखाली जात, जव खळ्यातून घरात आलेलं असे, जमीन दगडासारखी गोठे आणि माणसं चुलीशी बसत. साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या या गावात जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो. शेतकऱ्याला चार-पाच महिने सक्तीची सवड मिळते. या सवडीच्या आधारानं एका लहानशा चर्चनं आपलं काम रुजवलं, ते मोरेव्हियन चर्च.

मोरेव्हियन हा प्रोटेस्टंटांमधला जुना आणि संख्येनं छोटा पंथ. धर्मसुधारक यान हुसला १४१५ मध्ये जिवंत जाळल्यानंतर बोहेमियात जी चळवळ टिकून राहिली, तिच्यातून तो आला. १७२२ मध्ये त्याचे परागंदा लोक जर्मनीत काउंट झिंझेनडॉर्फच्या जमिनीवर वसले, ते गाव हेर्नहूट. तिथून १७३२ पासून त्यांची माणसं ग्रीनलंड, लाब्राडोर, वेस्ट इंडीज अशा ठिकाणी जाऊ लागली. जिथं दुसरं कुणी सहसा जात नसे, तिथं. मराठीचं व्याकरण आणि मराठी ‘नवा करार’ छापणाऱ्या विल्यम कॅरीनं इंग्लंड सोडण्यापूर्वी मोरेव्हियनांचे अहवाल वाचले होते आणि ते इतरांपुढे उदाहरण म्हणून ठेवले होते. आपल्याशी त्यांचा धागा जोडायचा तर तो असा लांबून जोडावा लागतो.

हिमालयात ते आले ते चुकून म्हणावं इतक्या आडवाटेनं. विल्हेल्म हायडे आणि एडुआर्ट पागेल या दोघांना १८५३ मध्ये पाठवलं होतं मंगोलियाला. वाट होती हिंदुस्थानातून तिबेटमार्गे. तिबेटची सीमा बंद, आणि लडाख काश्मीरच्या महाराजांच्या ताब्यात असल्यामुळे तिथंही कायम राहायला परवानगी नाही. मग ब्रिटिश मुलखाच्या टोकाला, लाहौलमधल्या केलाँगला १८५६ मध्ये त्यांनी घर बांधायला घेतलं. मंगोलिया कायमचा राहून गेला. हायडे मात्र १८९८ पर्यंत केलाँगलाच राहिले आणि पन्नास वर्षांनी, १९०३ मध्ये, पहिल्यांदा मायदेशी परतले.

केलाँगला या मंडळींना हिवाळ्याचं गणित उमगलं. उन्हाळ्यात ते खिंडी ओलांडून गावोगाव फिरत, पुस्तिका वाटत. लोक ऐकून घेत, कारण पाहुण्याचं ऐकून घेणं ही रीत. आणि मग मेंढरांमागे किंवा पाण्याच्या पाळीला निघून जात. पोरंही गुरांमागे. शाळा भरवायची तर ती हिवाळ्यातच. हायडे यांच्या पत्नी मारिया बायका-मुलींना विणकाम शिकवू लागल्या. लाहौलात लोकर भरपूर होती, पण सुयांवर मोजे विणायची पद्धत नव्हती. आज लाहौली मोजे आणि हातमोज्यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्यांची नक्षी पाहिली की वाटतं, ही शतकानुशतकांची परंपरा असणार. प्रत्यक्षात तिच्या मुळाशी जर्मन बाईनं घेतलेला हिवाळी वर्ग आहे. लाहौलचा बटाटाही याच घराच्या मळ्यातून पसरला. पहिला बाप्तिस्मा व्हायला मात्र १८६५ उजाडलं. नऊ वर्षांत मोजे आले, बटाटे आले, ख्रिस्ती कुणी झालं नव्हतं! पुढेही हे प्रमाण फारसं बदललं नाही.

१८५७ मध्ये हाइनरिश येश्के येऊन मिळाले. हा भाषेचा माणूस. आल्या आल्या ते लेहजवळच्या स्तोक गावी एका शेतकऱ्याच्या घरी काही महिने राहिले आणि बोली ऐकत बसले. केलाँगच्या शिळाछापखान्यावर त्यांनी तिबेटी मजकूर छापला, ‘नव्या करारा’चं बहुतेक भाषांतर उरकलं आणि शब्द जमवले. प्रकृती खालावल्यामुळे १८६८ मध्ये ते परतले. त्यांचा तिबेटी-इंग्रजी कोश १८८१ मध्ये निघाला. आजही तो छापला जातो आणि बौद्ध ग्रंथ वाचणारे अभ्यासक तो वापरतात. धर्मप्रचारासाठी केलेल्या कामाचा सर्वाधिक उपयोग दुसऱ्या धर्माच्या अभ्यासाला व्हावा, यात मला तरी काही खेदाचं वाटत नाही. येश्केंनाही वाटलं नसावं.

महाराजांची परवानगी अखेर १८८५ मध्ये मिळाली आणि फ्रीडरिश रेड्सलोब यांनी लेहला ठाणं मांडलं. पुढच्याच वर्षी डॉक्टर आले. त्यांचं नाव कार्ल मार्क्स. हो, कार्ल मार्क्सच. दाढीवाल्या कार्ल मार्क्सशी संबंध काही नाही, पण लेहच्या दवाखान्यात १८८६ साली डॉक्टर कार्ल मार्क्स रोगी तपासत होते हे वाक्य लिहायची संधी कोण सोडेल? मोकळ्या वेळात त्यांनी लडाखच्या राजांच्या बखरीचं इंग्रजी भाषांतर केलं. १८९१ मध्ये तापाची साथ आली. रेड्सलोब आणि मार्क्स दोघेही त्याच वर्षी गेले, आणि ठाणं सहा वर्षांत पोरकं झालं. त्यानंतर आलेले डॉक्टर शॉ हेही १९०७ मध्ये लेहलाच टायफसनं गेले. दवाखान्यात रोज रोग्यांच्या कपड्यांशी संबंध, आणि टायफस पसरतो उवांमुळे. थंडीत कपडे बदलले जात नाहीत, एकाच उबदार खोलीत सगळं घर झोपतं. हिवाळ्यानं या चर्चला काम दिलं तशी माणसंही नेली.

शाळा १८८९ ची. ती मिशनच्या मनधरणीनं भरली नाही, सरकारी हुकमानं भरली. ज्या घरात एकाहून जास्त मुलं असतील त्यानं एक शाळेत धाडावं, असं महाराजांच्या वजिरानं फर्मावलं. लोक हबकले. पोरांना बाटवणार, विलायतेला नेणार, अशा वावड्या उठल्या. बाटवणं फारसं जमलं नाही, विलायतेला कुणी नेलं नाही. हळूहळू ही गावाची शाळा झाली, बौद्धांची आणि मुसलमानांचीही.

१८९६ मध्ये आलेले ऑगस्ट हरमान फ्रांके हे या वाटचालीतलं सर्वांत उद्योगी प्रकरण. त्यांनी खालच्या लडाखमधल्या खालत्सेला ठाणं काढलं, लोककथांमधल्या केसर राजाच्या गोष्टी सांगणाऱ्यांच्या तोंडून उतरवून घेतल्या, शिलालेखांचे ठसे घेतले. केसरच्या गोष्टी हिवाळ्यात, चुलीपुढे, रात्र-रात्र सांगायच्या असतात, तेव्हा हेही हंगामाचंच पीक. १९०४ मध्ये फ्रांकेंनी ‘लडाखी अखबार’ सुरू केला. बातम्या, एखादी गोष्ट, म्हणी, आणि शेवटी धर्माचा मजकूर, अशी त्याची मांडणी. तिबेटी भाषेतल्या अगदी पहिल्या वृत्तपत्रांत त्याची गणना होते. पुढे वॉल्टर ॲस्बो यांनी केलाँगला आणि नंतर लेहला अशीच पत्रं चालवली. बाहेरचं जग चालत येणाऱ्या डाकवाल्याच्या पाठीवरून येई, आणि झोजिलाच्या हिमकड्यांखालून तो सुखरूप आला तर.

आणि योसेब गेरगन. त्यांचे वडील मूळचे ल्हासाकडचे, तिथून परागंदा होऊन लडाखात आलेले. गेरगन मिशनच्या शाळेत शिक्षक झाले आणि १९२० मध्ये पाळक म्हणून त्यांना दीक्षा मिळाली. स्थानिक माणूस पाळक व्हायला लेहचं ठाणं सुरू झाल्यापासून पस्तीस वर्षं लागली. युरोपीय मिशन आपल्या हातचं सोडायला किती वेळ घेतात, याचा अनुभव महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळ्यांनाही आहे. ‘जुन्या करारा’चं तिबेटी भाषांतर गेरगननी अनेक वर्षं खपून केलं. तपासणाऱ्या फ्रांकेंचं १९३० मध्ये निधन झालं, मग कागद लांबचे प्रवास करत राहिले, महायुद्ध आलं. शेवटची तपासणी आजारपणात उरकून गेरगन १९४६ मध्ये गेले. संपूर्ण तिबेटी बायबल १९४८ मध्ये लाहोरला छापून निघालं, तेव्हा लाहोर दुसऱ्या देशात गेलेलं होतं आणि लेहच्या वाटेवर लढाई चालू होती. गेरगननी लडाखच्या इतिहासावर लिहिलेला ग्रंथ तर त्यांच्या मुलानं १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. लडाखचा अभ्यास करणाऱ्यांना तो टाळून पुढे जाता येत नाही.

एवढं सगळं करून मंडळी किती? लेह, शे आणि खालत्से मिळून काही शे माणसं. किन्नौरमधल्या पू गावचं ठाणं १९२४ मध्ये बंद झालं, केलाँगचं १९४० मध्ये. धर्मांतराच्या हिशेबानं हा तोट्याचा धंदा होता, आणि त्याची कारणं लोकांच्या जगण्यात होती. लडाखी गावात ‘फासपुन’ नावाचा घरांचा गट असतो. एकाच कुलदैवताची ही घरं जन्माला, लग्नाला, मरणाला एकमेकांसाठी उभी राहतात. घरात मयत झालं की घरच्यांनी हात लावायचा नसतो, सगळं फासपुननं करायचं. जो ख्रिस्ती झाला त्याचं कुलदैवत सुटलं, म्हणजे मयताला खांदा देणारे सुटले. जमीन गोठलेल्या जानेवारीत याचा अर्थ काय होतो हे वेगळं सांगायला नको. तेव्हा चर्चला उपासनेआधी हे काम अंगावर घ्यावं लागलं. मूठभर कुटुंबं दीडशे वर्षं टिकून राहिली ती या आपसातल्या देण्याघेण्यावर.

या मंडळीचा नाताळही एकाकी नसतो, कारण लडाखात डिसेंबर हा तसाही दिव्यांचा महिना आहे. गाल्दन नामचोतला, म्हणजे तिबेटी दहाव्या महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी, बौद्ध आचार्य त्सोंगखापांच्या स्मरणार्थ गुंफांवर आणि घराघरांच्या गच्च्यांवर दिवे लागतात. पाठोपाठ लडाखी लोसर. बाकी तिबेटी जग नवं वर्ष फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास साजरं करतं, लडाख मात्र दोन महिने आधी. जाम्यांग नामग्याल राजाला स्वारीवर निघायचं होतं म्हणून त्यानं सण अलीकडे ओढला, अशी कथा सांगतात. लोसरला कणकेचे रानबोकड करतात, मशाली घेऊन माणसं गावाबाहेर पळतात. तिथीमुळे हे सण डिसेंबरभर पुढे-मागे सरकतात, नाताळ आपल्या पंचवीस तारखेला ठाम. एखाद्या वर्षी तिन्ही एकाच आठवड्यात येतात. मग कोण कुणाकडे फराळाला चाललंय हे विचारायची सोय उरत नाही. ख्रिस्ती घरी बौद्ध आणि मुसलमान शेजारी येतात, खंबीर नावाची रोटी आणि जर्दाळू पुढे येतात, लोणी-मिठाच्या चहाचा कप रिकामा झाला की लगेच भरला जातो.

उपासना लडाखीत, गीतांच्या काही चाली जर्मन. अंगात गोन्छा, कमरेला रंगीत पट्टा. देवळात मध्यभागी बुखारी पेटलेली, आणि तिच्याजवळची जागा म्हाताऱ्यांची. मोरेव्हियनांच्या नाताळाची जगभरची खूण म्हणजे अनेक टोकं असलेला कागदी तारा. जर्मनीतल्या निस्की इथल्या त्यांच्या शाळेत मुलांना भूमिती शिकवताना तो एकोणिसाव्या शतकात तयार झाला. वर्गात केलेल्या हस्तकामाचं असं नशीब क्वचितच निघतं.

एक गोष्ट मात्र लडाख्यांना कधी समजावून सांगावी लागली नसेल, ती गव्हाणीची. युरोपीय चित्रकारांना गोठ्यात बाळंतपण हा दारिद्र्याचा कळस वाटला आणि त्यांनी तो करुण करून रंगवला. लडाखी घरात खालचा मजला गुराढोरांचाच. कडाक्याच्या थंडीत माणसं त्यांच्या जवळची खोली धरतात, कारण ऊब तिथंच. रात्री मेंढरं राखणारे धनगर, चालत लांबवर निघालेलं जोडपं, उतरायला जागा नाही म्हणून गोठ्याची सोय, यातलं काहीच त्यांना परकं नाही. लूकच्या शुभवर्तमानातला तो दुसरा अध्याय इथं अद्भुत वाटण्याऐवजी शेजारच्या गावातला वाटत असणार.

परदेशी मिशनरी १९५६ मध्ये लेह सोडून गेले. त्यानंतर काही वर्षांत तिबेटमधून निर्वासितांची रीघ लागली, आणि लेहचे एलिया त्सेतन फुंत्सोग यांनी डेहराडूनजवळ राजपूरला त्यांच्या मुलांसाठी संस्था उभी केली. येश्केंच्या काळी ज्या तिबेटात पाऊल ठेवायला मिळालं नाही, तिथली मुलं अशी आपणहून या चर्चच्या शाळेत आली. लेहची शाळा १९८० मध्ये नव्यानं सुरू झाली आणि आज ती गावातल्या नावाजलेल्या शाळांपैकी आहे.

तिला आता हिवाळ्यात मोठी सुट्टी असते. पूर्वी शिकायचा तोच काळ होता. आता वर्ग गरम ठेवणं परवडत नाही. लेहला बारमाही विमान जातं, रोहतांगखालून २०२० पासून नऊ किलोमीटरचा बोगदा आहे, झोजिलाखालून बोगद्याचं काम चालू आहे. ऐपत असलेली कुटुंबं थंडीत जम्मू, चंदीगड, दिल्ली गाठतात, तरुण शिकायला आधीच तिकडे गेलेले. त्यामुळे नाताळची तयारी सुरू करताना मंडळीला आता आधी हे पाहावं लागतं की या वर्षी गावात राहणार कोण, आणि पंचवीस तारखेच्या आत विमानाची तिकिटं कुणाकुणाला मिळाली आहेत.