बैलाला वरचे दात का नसतात?

१. प्रश्नाचे स्वरूप

हिंगोली जिल्ह्यातल्या कोणत्याही गावी बैलाचा सौदा ठरण्याआधी त्याचे तोंड उघडून पाहतात. जाणता माणूस ओठ ओढतो, दात मोजतो आणि वय सांगतो. दुधाचे दात न पडलेला तो आदत. मग दोन दाती, चार दाती, सहा दाती. आठही पक्के दात आले की जुळलेला. ही सारी मोजणी खालच्या जबड्यावर चालते, कारण वर समोरच्या बाजूला दातच नसतात. तेथे नुसती कडक हिरडी असते. बैल लाल कंधारी असो की देवणी, हे बदलत नाही.

दात पाहणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असते. ते तसे का, हा प्रश्न मात्र व्यवहारात पडत नाही, कारण सौद्याला त्याची गरज नसते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने तो विचारला. एखादी गोष्ट आहे हे जाणणे वेगळे आणि ती का आहे हे जाणणे वेगळे, असा भेद त्याने केला. ज्ञानाच्या स्वरूपाविषयीच्या त्याच्या ग्रंथात कारणांची चर्चा करताना शिंगांच्या जनावरांचे दात आणि पोट हेच एक उदाहरण येते.

माझे प्रतिपादन असे, की प्राण्यांचे शास्त्र या दोन पायऱ्यांच्या जोडणीतून उभे राहिले. पहिली पायरी जनावरांत हात घालून जगणाऱ्यांची आहे आणि तिच्यावाचून दुसरी चढता येत नाही.

२. पहिली पायरी : निरीक्षण

ॲरिस्टॉटलचा जन्म इ.स.पू. ३८४चा. वडील मॅसिडोनियाच्या राजाचे वैद्य. इ.स.पू. ३४७मध्ये गुरू प्लेटो वारला, त्या सुमारास त्याने अथेन्स सोडले आणि काही वर्षांतच तो लेस्बॉस बेटावर राहायला गेला. तेथलाच थिओफ्रास्टस त्याचा सहकारी झाला; पुढे त्याने वनस्पतींचे शास्त्र रचले. बेटावरल्या पिऱ्हा गावाजवळच्या खाडीतील जीवांचे उल्लेख ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांत वारंवार येतात. सुमारे ५०० प्रकारच्या प्राण्यांची माहिती त्याने नोंदवली. तीतली बरीच कोळी, मेंढपाळ, शिकारी आणि मधपाळ यांच्याकडून आली होती.

ग्रीक नद्यांतल्या एका मिशाळ माशाविषयी त्याने लिहिले, की मादी अंडी घालून निघून जाते आणि नर थांबून राखण करतो. पुढच्या अभ्यासकांना हे बराच काळ पटले नाही. एकोणिसाव्या शतकात लुई अगासी याने ते खरे ठरवले.

ऐकीव माहितीवर तो थांबला नाही. कोंबडीच्या अंड्यांत पिलू कसे घडते, ते त्याने दिवसांच्या क्रमाने पाहून ठेवले. तीन दिवस उलटल्यावर पांढऱ्यात रक्ताचा थेंबाएवढा ठिपका दिसतो आणि तो हलतो, ते हृदय. खुडूक कोंबडीखाली एकवीस दिवस अंडी ठेवणाऱ्या कोणत्याही घरी ही परीक्षा आजही करता येईल.

३. वर्गीकरणाचा निकष

माहिती साठली की ती मांडायची कशी, हा पुढचा प्रश्न. आपल्या परंपरेत याची दोन उत्तरे प्रसिद्ध आहेत.

पहिले उत्पत्तीवरून : वारेतून जन्मणारे जरायुज, अंड्यातून अंडज, घामातून वा ओलाव्यातून स्वेदज आणि जमीन फोडून उगवणारे उद्भिज्ज. ऐतरेय उपनिषदात हे चारही प्रकार येतात.

दुसरे इंद्रियांवरून. हिंगोली जिल्ह्यात शिरड शहापूरला मल्लिनाथांचे जैन क्षेत्र आहे. जैन मुलांना लहानपणीच शिकवतात, की वनस्पतीला एक इंद्रिय, स्पर्शाचे. अळीला दोन, मुंगीला तीन, भुंग्याला चार आणि गाईबैलांना, माणसांना पाच. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हा क्रम आहे. स्पर्श हे सर्वांत पायाभूत इंद्रिय, असे ॲरिस्टॉटलही म्हणतो. मात्र तो स्पर्श प्राण्यांनाच देतो. वनस्पतींकडे त्याच्या मते फक्त पोषणाची आणि वाढीची शक्ती असते.

ॲरिस्टॉटलचे स्वतःचे म्हणणे असे, की एकाच लक्षणावरून केलेली विभागणी निसर्गाने एकत्र ठेवलेले प्राणी तोडते. पंख असलेले आणि नसलेले असे दोन गट केले, तर मुंगीचे काय करायचे? पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाल्या मुंग्या येतात, आणि त्याच वारुळातल्या बाकीच्यांना पंख नसतात. म्हणून अनेक लक्षणे एकदम पाहावीत, आणि त्यांपैकी कोणती नेहमी बरोबर राहतात ते शोधावे.

यावरून इंद्रियांची विभागणी कमी दर्जाची ठरत नाही. कोणत्या जीवाला किती वेदना पोहोचते हे कळून हिंसा टळावी, हा तिचा हेतू, आणि तो ती साधते. निकष हेतूप्रमाणे ठरतो. शरीराच्या रचनेचे कारण शोधायचे, तर एक लक्षण पुरत नाही.

४. दुसरी पायरी : कारण

आता बैलाकडे वळू. त्याच्यात तीन लक्षणे एकत्र राहतात : शिंगे, वरच्या पुढच्या दातांचा अभाव आणि चार कप्प्यांचे पोट. ॲरिस्टॉटलने त्यांची साखळी लावली. शरीराजवळ कठीण द्रव्य मर्यादित असते. ते शिंगांकडे गेले म्हणून दातांना उरले नाही. दात अपुरे म्हणून चावणे अपुरे, आणि ती उणीव पोटाने भरून काढली. चारही कप्पे त्याने वेगळे ओळखले. दुसऱ्याला त्याने दिलेले नाव ग्रीक स्त्रियांच्या केसांवरच्या जाळीचे होते. आपण त्यालाच जाळीपोट म्हणतो. दोन भाषांत एकच उपमा सुचली, कारण कप्पा उघडल्यावर जाळीच दिसते.

५. आक्षेप आणि उत्तर

आक्षेप पहिला : आपल्या शेतात शिरणाऱ्या रोह्यांतल्या मादीला शिंगे नसतात, तरी वरचे पुढचे दातही नसतात. मग ते द्रव्य गेले कोठे? ॲरिस्टॉटलला हरणीच्या बाबतीत हीच अडचण दिसली होती. मादीची जात नराचीच, म्हणून दातांची ठेवणही तीच, असे त्याने उत्तर दिले.

आक्षेप दुसरा : उंटाला नर-मादी दोघांनाही शिंगे नाहीत, तरी वरचे पुढचे दात अपुरेच. ॲरिस्टॉटलचे उत्तर असे, की काटेरी खाद्यामुळे उंटाला अनेक कप्प्यांचे पोट लागते. आणि तसे पोट असल्यावर पुढच्या दातांवाचून अडत नाही.

ही उत्तरे आज पुरत नाहीत. एकाच पूर्वजाकडून आलेल्या प्राण्यांत लक्षणांचे असे जुळे टिकून राहते, हे कारण १८५९नंतर, डार्विनच्या ग्रंथामुळे, स्पष्ट झाले. तरी कोणती लक्षणे बरोबर राहतात हे ॲरिस्टॉटलने अचूक टिपले, आणि अपवाद लपवले नाहीत. कारण चुकले तरी प्रश्न योग्य होता, म्हणून पुढच्यांना तो पुढे नेता आला.

६. मर्यादा

त्याच्या चुका मोठ्या आहेत. विचार हृदयात होतो आणि मेंदू शरीराचा ताप उतरवतो, असे त्याने मानले. आपल्याकडच्या स्वेदजाप्रमाणे, काही किडे कुजलेल्या पदार्थातून आपोआप निपजतात असेही मानले. १६६८मध्ये फ्रान्चेस्को रेदीने मांस कापडाने झाकून ठेवले. माशी पोहोचली नाही तेथे अळ्या झाल्या नाहीत.

मोहोळाच्या राणीलाही तो राजा समजला. पण मधमाश्यांच्या विवेचनाच्या शेवटी त्याने कबूल केले आहे, की पुरेशी तथ्ये अजून हाती नाहीत; ती मिळाली, की युक्तिवादापेक्षा निरीक्षणावर विश्वास ठेवावा. रेदीने हेच केले. ॲरिस्टॉटलची चूक ॲरिस्टॉटलच्याच नियमाने दुरुस्त झाली.

७. निष्कर्ष

निरीक्षण कारणावाचून व्यवहारापुरते राहते, आणि कारण निरीक्षणावाचून कल्पना होते. हिंगोलीच्या गावांत या दोन पायऱ्या अनेकदा एकाच घरात असतात. आजोबा गोठ्यात दात मोजतात, आणि नात ओसरीवर रवंथ करणाऱ्या प्राण्यांचा धडा वाचते. तिने पुस्तक घेऊन गोठ्यात जावे, आजोबांनी बैलाचा ओठ उचलून दाखवावा, आणि तिने विचारावे, वरचे दात का नाहीत? उत्तर दोघांनाही लगेच सापडणार नाही. दुसरे बैल, शेळ्या आणि रोही पाहावे लागतील. ते पाहायला दोघे निघाले, की शास्त्र सुरू झाले.