टिंग्या (चित्रपट)

टिंग्या हा २००८ साली प्रदर्शित झालेला मराठी चित्रपट आहे. मंगेश हाडवळे यांनी त्याचे लेखन आणि दिग्दर्शन केले असून दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिलाच चित्रपट होय. रवी राय हे त्याचे निर्माते आहेत. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर परिसर ही चित्रपटाची पार्श्वभूमी आणि त्याची चित्रणभूमी आहे. शीर्षक भूमिका करणाऱ्या शरद गोयेकर या मुलास ५५व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांमध्ये (२००७ सालासाठी) सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला. नामांकित तारे, भव्य नेपथ्य आणि मोठे भांडवल यांवाचून, दिग्दर्शकाच्या स्वतःच्या मुलखात तयार झालेल्या मराठी चित्रपटांचे ठळक उदाहरण म्हणून त्याचा उल्लेख होतो.

कथानक

टिंग्या हा सुमारे सात वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा आहे. त्याचे वडील कारभारी यांच्याकडे बैलजोडी आहे आणि तिच्यातील चितंग्या या बैलावर टिंग्याचा विशेष जीव आहे. डोंगरात बिबट्यासाठी लावलेल्या सापळ्यात सापडून चितंग्या जायबंदी होतो. बटाट्याच्या लागवडीचा हंगाम तोंडावर आलेला असतो, डोक्यावर कर्ज असते आणि एका बैलावर नांगर चालत नाही. जखमी बैल कसायाला विकून त्या पैशांत भर घालून दुसरा बैल आणणे, एवढाच मार्ग कारभारीपुढे उरतो.

शेजारच्या मुस्लिम कुटुंबातील रशिदा ही टिंग्याची मैत्रीण आहे. तिची आजी आजारी असून घरचे तिच्यावर उपचार करीत आहेत. म्हातारी आता काही कामाची नाही, तरी तिला कोणी विकत नाही. मग चितंग्यालाच का विकायचे, असा टिंग्याचा सरळ प्रश्न आहे. चित्रपटातील मोठ्या माणसांजवळ त्याचे समाधानकारक उत्तर नाही. वडिलांना खलनायक न करता हा प्रश्न उभा करणे हे पटकथेचे मोठे बलस्थान म्हटले पाहिजे. बैल विकणारा बाप मुलाइतकाच दुःखी आहे. फरक इतकाच की त्याला हिशोब येतो.

भूमिका व श्रेयनामावली

शरद गोयेकर (टिंग्या), सुनील देव (कारभारी), तरन्नुम पठाण (रशिदा), माधवी जुवेकर (टिंग्याची आई) आणि चित्रा नवाथे (रशिदाची आजी) यांच्या प्रमुख भूमिका आहेत. चित्रा नवाथे यांनी राजा परांजपे यांच्या ‘लाखाची गोष्ट’ (१९५२) या चित्रपटात काम केले होते. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळाने आलेली ही भूमिका नव्या पिढीला त्यांची ओळख करून देणारी ठरली. शाहीर विठ्ठल उमप हेही चित्रपटात आहेत. गीते प्रकाश होळकर यांची आणि संगीत रोहित नागभिडे यांचे आहे.

प्रादेशिक पार्श्वभूमी

मंगेश हाडवळे हे जुन्नर तालुक्यातील राजुरी गावचे. चित्रपटातील घटना या भागाच्या भूगोलाशी इतक्या बांधलेल्या आहेत की त्याची थोडी माहिती असल्याखेरीज कथेतील निकड पुरती लक्षात येत नाही.

जुन्नर आणि त्याला लागून असलेला आंबेगाव या दोन्ही तालुक्यांच्या पश्चिमेस सह्याद्री असून तेथे पाऊस भरपूर पडतो. पूर्वेकडे जावे तसा तो झपाट्याने कमी होतो. कुकडी, पुष्पावती, मीना आणि घोड या नद्यांवर माणिकडोह, पिंपळगाव जोगे, येडगाव, वडज व डिंभे ही धरणे झाल्यावर कालव्याखालील जमिनींत ऊस आला. कालव्यापासून दूर राहिलेली शेते मात्र पावसाच्या भरवशावरच राहिली. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठार हा भाग खरीप बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. बटाट्याचे बेणे पंजाबातून येते व मंचरच्या बाजारात ते विकत घ्यावे लागते. बेणे, खत आणि मशागत हा सारा खर्च लागवडीपूर्वीच उभा करावा लागत असल्याने हे पीक कर्जावाचून सहसा निघत नाही. पहिल्या पावसानंतर लागवडीला मिळणारे दिवसही मोजके असतात. त्या मोजक्या दिवसांत बैल मोडणे म्हणजे वर्ष हातचे जाणे.

सापळ्याचा प्रसंगही कल्पनेतून आणलेला नाही. उसाच्या दाट फडांत बिबट्यांना आसरा मिळाला. गावातील कुत्री, शेळ्या व वासरे हे त्यांचे भक्ष्य झाले. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात माणसांवरील हल्ले एकाएकी वाढले. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्यापूर्वी वर्षाला सरासरी ४ असणारे हल्ले या काळात १७ वर गेले. पकडलेले बिबटे दुसऱ्या ठिकाणी नेऊन सोडण्याचा कार्यक्रम त्याच सुमारास सुरू झाला होता आणि या वाढीचा संबंध अभ्यासकांनी त्या कार्यक्रमाशी जोडला. माणिकडोह येथे बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. चित्रपटात बिबट्या भीतीचे नाट्य निर्माण करण्यासाठी येत नाही. तो त्या मुलखातील नित्याची गोष्ट म्हणून येतो, आणि नुकसान होते ते त्याच्यासाठी लावलेल्या सापळ्याने.

कायद्याची बाजू

आजच्या विद्यार्थ्याने चित्रपट पाहताना एक बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियम, १९७६ अन्वये गाईंच्या कत्तलीस बंदी होती. बैलांच्या बाबतीत मात्र, शेतीकामास निरुपयोगी झाल्याचे सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र असल्यास कत्तलीस परवानगी मिळत असे. विधिमंडळाने १९९५ साली संमत केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मान्यता मिळाली आणि बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यामुळे चित्रपटात कारभारीसमोर असलेला पर्याय आता कायद्याने बंद झाला आहे. काम न करणाऱ्या बैलाच्या वैरणीचा प्रश्न मात्र त्याच्यासारख्या शेतकऱ्यापुढे अजून तसाच आहे.

निर्मिती

पटकथा अनेक निर्मात्यांकडे फिरली आणि नाकारली गेली. सात वर्षांचा मुलगा, एक बैल आणि एक आजारी म्हातारी हे भांडवल गुंतवणाऱ्यास आकर्षक वाटावे असे साहित्य नव्हते. त्या काळी मराठी चित्रपटगृहांत विनोदी चित्रपटांचा जोर होता. अखेर ‘सैलाब’सारख्या हिंदी दूरचित्रवाणी मालिकांमुळे परिचित असलेले रवी राय यांनी निर्मितीची जबाबदारी घेतली.

त्याआधी संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ने (२००४) वाट मोकळी केली होती. ‘श्यामची आई’नंतर राष्ट्रीय पुरस्कारांतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळवणारा तो पहिला मराठी चित्रपट. लहान मुलगा, मोजकी पात्रे आणि खरीखुरी स्थळे एवढ्यावर पूर्ण लांबीचा चित्रपट उभा राहू शकतो, हे त्याने दाखवून दिले होते.

अशा चित्रपटांचे अर्थकारण समजून घेण्यासाठी त्या काळातील तंत्राकडे पाहावे लागते. मराठी चित्रपट तेव्हा मुख्यतः फिल्मवर चित्रित होत. ३५ मि.मी. फिल्म दर सेकंदाला २४ चौकटी या वेगाने मिनिटाला ९० फूट खर्च होते. १,००० फुटांचे रीळ जेमतेम ११ मिनिटे पुरते. प्रत्येक फसलेल्या टेकची किंमत फुटांत मोजली जात असल्याने, थोडक्या पैशांत काम करणाऱ्या दिग्दर्शकाला तालमींवर भर द्यावा लागे. ज्याने पूर्वी कधी कॅमेरा पाहिलेला नाही असा मुलगा आणि शिकवणीबाहेरचा बैल प्रमुख भूमिकांत असतील, तर ही अडचण दुप्पट होते. बैल दोनदा सारखे वागत नाही. यावर उपाय म्हणजे चित्रणापूर्वी मुलाला व जनावराला पुरेसा काळ एकत्र ठेवणे आणि दृश्याची मांडणी जनावराच्या सवयीप्रमाणे करणे. पुढे अंकीय कॅमेरे आल्यावर फिल्मचा खर्च संपला. माणसांचा, प्रवासाचा आणि राहण्याजेवणाचा खर्च राहिलाच. म्हणूनच छोटा संच हा अशा निर्मितीचा कणा मानला जातो. एकाच माणसाने दोन-तीन कामे सांभाळणे, गावातच मुक्काम करणे, खरी घरे, खरी शेते व गावकऱ्यांचेच कपडे वापरणे यांतून मोठी बचत होते. दिग्दर्शक त्याच भागातील असल्यास ओसरी, गोठा आणि औतही ओळखीपाळखीने उपलब्ध होतात. शेताच्या वेळापत्रकाशी मात्र जुळवून घ्यावेच लागते, कारण पेरणीचे दृश्य पेरणीच्याच दिवसांत घेता येते.

बालकलाकार आणि प्राणी यांच्याविषयीचे नियम तेव्हापासून अधिक स्पष्ट झाले आहेत. २०१७ पासून लागू असलेल्या नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसाला ५ तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीवाचून सलग ३ तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही. त्याच्या मिळकतीतील किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी लागते. चित्रपटात प्राण्यांचा वापर असल्यास भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते.

भाषा

संवाद जुन्नर भागातील बोलीत आहेत. ‘ण’च्या जागी ‘न’, ‘होता’ऐवजी ‘व्हता’ यांसारखी रूपे मुख्य पात्रांच्या तोंडी सहज येतात. मराठी चित्रपटांत ग्रामीण बोली फार काळ विनोदनिर्मितीसाठी किंवा पाटलाचा रुबाब दाखवण्यासाठी वापरली गेली. येथे ती दुःखाची आणि तर्काचीही भाषा आहे.

नंतरचा काळ

हाडवळे यांच्या ‘देख इंडियन सर्कस’ या हिंदी चित्रपटास २०११ च्या बुसान आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात प्रेक्षक पुरस्कार मिळाला. लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित ‘टपाल’चे (२०१४) लेखन त्यांचे आहे, संजय लीला भन्साळी निर्मित ‘मलाल’ (२०१९) हा हिंदी चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला.

‘टिंग्या’नंतरच्या काही वर्षांत गावाकडून आलेल्या दिग्दर्शकांनी आपापल्या भागात, अनोळखी कलाकारांसह केलेले चित्रपट मोठ्या संख्येने पुढे आले. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) विदर्भातील शेतकऱ्याचा आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) पुन्हा एक मुलगा आणि जनावरे आहेत, परंतु तेथे जनावराशी असलेले नाते जातीने लादलेले आहे. भाऊराव कऱ्हाडे यांनी ‘ख्वाडा’साठी जमीन विकून पैसा उभा केला, त्या चित्रपटाला ६२व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला, शिवाय स्थळावरील ध्वनिमुद्रणाचाही गौरव झाला. मराठी चित्रपटांना राज्य शासनाकडून दर्जानुसार अनुदान मिळते, मात्र ते चित्रपट पूर्ण झाल्यावर व परीक्षणानंतर. चित्रणाच्या दिवशी लागणारा पैसा निर्मात्याला अन्यत्रच शोधावा लागतो.