सुरतेची कुलेर आणि कच्च्या पिठाची गोष्ट

सुरत म्हटले की आपल्याला आठवते ती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये आणि पुन्हा १६७० मध्ये केलेली लूट. शाळेच्या पुस्तकातली सुरत तिथेच संपते. त्याच सुरतेत आज मराठी माणूस पोट भरायला जातो, तिथेच घर करतो आणि त्याच्या मुलांसाठी सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते, हे आम्हा गोवेकरांच्या फारसे ध्यानात नसते. माझ्याही नव्हते. श्रावणात मावसबहिणीकडे पांडेसऱ्याला चार दिवस राहिलो, तेव्हा ते कळले. आणि एका कढईमुळे आणखीही काही कळले, ते सांगण्यासाठी आजचा हा लेख.

पांडेसरा म्हणजे सुरतेच्या दक्षिणेची औद्योगिक वसाहत. कापड रंगवण्याच्या आणि छपाईच्या गिरण्या, त्यांची धुराडी, आणि आजूबाजूला दाटीने उभी असलेली कामगारांची घरे. बहिणीचे यजमान खानदेशातले, अशाच एका गिरणीत सुपरवायझर. सुरतेहून तापीच्या काठाकाठाने खानदेशात जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. त्या वाटेने जळगाव, धुळे, नंदुरबारची कितीतरी कुटुंबे पुढे उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत येऊन स्थिरावली. बहिणीच्या शेजारी एका बाजूला ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातले कुटुंब, दुसऱ्या बाजूला बिहारचे, आणि समोर एक गुजराती बेन. अख्ख्या इमारतीत ओव्हन एकाही घरी नाही.

बहिणीची मुलगी अकरावीत शिकते. गोकुळाष्टमीला इमारतीतली वीस-पंचवीस मुले हंडी फोडणार होती. त्या सगळ्यांना आपण ‘कुकी डो’ वाटायचा, असे तिने मोबाइलवर पाहून ठरवले होते. कुकी डो म्हणजे बिस्किटाचे न भाजलेले पीठ. मैदा, लोणी, साखर आणि चॉकलेटचे तुकडे एकत्र मळायचे आणि तसेच चमच्याने खायचे. ‘मामा, भट्टी नको, गॅस नको, दहा मिनिटांत तयार!’ असे म्हणत तिने परातीत मैदा ओतलासुद्धा. तेवढ्यात तिची आजी, म्हणजे बहिणीच्या सासूबाई, आतून आल्या. ‘व माय, कच्चं पीठ पोरांना?’ एवढेच म्हणाल्या आणि परात उचलून ओट्यावर ठेवली. नात रुसली. आजीला काही कळत नाही, परदेशात लोक हे रांगा लावून खातात, असे तिचे म्हणणे.

रांगा लावतात हे खरे आहे. चॉकलेटचे तुकडे घातलेली कुकी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात रूथ वेकफिल्ड या बाईंनी १९३० च्या दशकात आपल्या खाणावळीत लोकप्रिय केली. भाजण्याआधीचे पीठ चोरून चाटणे हा तिथल्या मुलांचा आवडता उद्योग. बेन अँड जेरीज या आइस्क्रीमवाल्यांनी १९८४ मध्ये आपल्या दुकानात ते पीठच आइस्क्रीममध्ये घातले आणि १९९१ पासून डब्यांत भरून विकायला काढले. पुढे नुसते पीठ विकणारी दुकानेही निघाली.

पण आजीचे म्हणणेही खोटे नाही. २००९ साली अमेरिकेत तयार कुकी डो कच्चा खाल्ल्याने ७० हून अधिक माणसे इ. कोलाय या जंतूने आजारी पडली. तोवर सगळ्यांचा संशय कच्च्या अंड्यावर असे. या वेळी बोट पिठाकडे वळले. २०१६ साली पुन्हा ६० हून अधिक माणसे आजारी पडली आणि या वेळी जंतू मैद्यातच सापडला. शेतातल्या धान्याला जनावरांच्या शेणातून जंतू लागू शकतो, आणि दळले म्हणून तो मरत नाही. मैदा दिसायला पांढरा स्वच्छ, पण तो कच्चे धान्यच. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन तर असेही बजावते की, घरी मैदा थोडा गरम करून तो निर्धोक झाला असे समजू नका, कारण कोरड्या पिठातला जंतू उष्णता बरीच सोसतो.

मी हे सारे भाचीला वाचून दाखवले, तशी ती गप्प झाली. तेवढ्यात समोरच्या बेन कुलेर घेऊन आल्या.

कुलेर हा पदार्थ मी पहिल्यांदाच पाहिला. बाजरीचे पीठ, गूळ आणि तूप एकत्र मळून केलेले लाडू. गुजरातेत नागपंचमी आपल्यासारखी श्रावण शुद्धात नसते, वद्य पंचमीला असते. तिच्या नैवेद्याला कुलेर लागते. दोन दिवसांनी येते शीतळा सातम. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीच्या रांधण छठीला शिजवून ठेवलेले गारच खायचे. शीतळा ही देवी रोगाची देवता. ‘देवी येणे’ हे शब्द आपल्याकडच्या वृद्धांच्या तोंडी अजून आहेत. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला, रोग गेला, पण सातम राहिली. म्हणजे विस्तव न लावता खायचे पीठ सुरतेला नवे नाही. मी बेनना विचारले, बाजरीचे पीठ कच्चेच का? त्या हसून म्हणाल्या, माझी आई त्याच सकाळी जात्यावर दळायची आणि तसेच मळायची. माझे पीठ पुडीतले, कधी दळलेले कोण जाणे, म्हणून मी आदल्या दिवशी कढईत चांगले भाजून घेते.

या उत्तराने मी विचारात पडलो. बाजारची पुडी आली तशी त्या बाईने कोणी न सांगता रिवाजात कढई घातली होती. सासूबाईंनीही तेच सांगितले होते. मग आजूबाजूला पाहिले. बिहारी शेजाऱ्यांचा सत्तू भाजलेल्या हरभऱ्याचा. ओडिया शेजाऱ्यांचा छतुआही धान्य भाजून दळलेला. गुजरातची सुखडी कणीक तुपात भाजून गुळात थापलेली. आपला बेसनलाडू तोच. आणि आमच्या गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळाला होणारी पिनाग, तीही तांदूळ भाजून दळून, गूळ-खोबरे घालून वळलेली. ही सगळी ओव्हन नसलेल्या घरांची मिठाई. पाश्चात्त्य कुकी आधी मळतात आणि मग भाजतात. आमच्याकडे आधी भाजतात आणि मग मळतात. भट्टीचे काम कढईने आधीच उरकलेले असते, म्हणून ते पीठ हातावर घेऊन खाता येते.

भट्टी आमच्या घरांत का आली नाही, यालाही इतिहास आहे. गोव्यात पाव आला तो सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर. भट्टी पोदेराची, पीठ फुगवायला माडाची सूर, आणि पावाला धर्मांतराच्या भीतीची जोड. त्यामुळे हिंदू घरांनी तो कैक पिढ्या उंबऱ्याबाहेर ठेवला. सुरतेत हेच थोड्या फरकाने घडले. डचांची वखार इथे १६१६ पासून होती, १८२५ मध्ये ती इंग्रजांच्या हाती गेली. डचांच्या पदरी पाव भाजणारे पारशी होते, त्यांतल्या फरामजी पेस्तनजी दोटीवाला यांच्याकडे बेकरी आली, असे सुरतेत सांगतात. पाव खाणारे गोरे गेले. उरलेला पाव सुकून कडक होई, त्याचीच बिस्किटे खपू लागली. पुढे अंडे नाही, ताडी नाही, अशी तुपातली नानखटाई निघाली. तेव्हा कुठे भट्टीतला पदार्थ सोवळ्या घरात शिरला.

माझ्या लहानपणी आई दिवाळीला नानखटाईचे पीठ मळून डब्यातून पोदेराच्या भट्टीवर पाठवी. डबा मी नेत असे, आणि वाटेत दोन-तीन गोळे कमी होत. मैदा, तूप, पिठीसाखर. कुकी डो तो हाच, फक्त तेव्हा नाव ठाऊक नव्हते. मला काही झाले नाही, हे माझे नशीब. पण पंचवीस मुलांना नशिबावर कसे सोडायचे?

शेवटी आजी-नातीचा समेट कढईपाशी झाला. दोन वाट्या कणीक पाऊण वाटी तुपात मंद आचेवर, तांबूस होऊन खमंग वास सुटेपर्यंत, चांगली पंचवीस मिनिटे परतली. पूर्ण निवू दिली, नाहीतर चॉकलेट वितळते. मग पाऊण वाटी पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि चॉकलेटचे तुकडे घालून मळले. दूध-पाणी अजिबात नाही. असे चार घाणे काढले. मैद्याचीच चव हवी असेल, तर मारी बिस्किटांचा चुरा वापरावा, तो भट्टीतून भाजूनच आलेला असतो. भाची त्याला कुकी डो म्हणाली, आजी लाडू म्हणाल्या, बेन म्हणाल्या ही तर सुखडी.

हंडी फुटल्यावर मुलांनी पाच मिनिटांत ताट रिकामे केले. नाव कोणी विचारले नाही. गोव्याला परतल्यावर आईला सांगितले, तर तिने एवढेच विचारले, ‘कणीक करपली नाही ना?’